कच्च्या दुधाची चरवी

गौरम्माच्या घरात कच्चं दूध कधी टिकलंच नव्हतं. बजाबाई गवळीण दारात येऊन "दूध हाय ओ" म्हणायची, तेव्हा आत स्टोव्हला पंप मारायचा आवाज सुरू झालेला असायचा. दूध आलं की आधी तापवायचं, मग बाकीचं जग. हे तिला कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. आईनं केलं, सासूनं केलं, तिनं केलं. कच्चं दूध तसंच झाकून बाई देवपूजेला बसली असं कुणी सांगितलं असतं, तर गौरम्मानं त्या बाईच्या माहेरची चौकशी केली असती.

म्हणून तिचा मुलगा शिवयोगी एक दिवस म्हणाला, "अव्वा, उद्यापासनं गाईचं चरवीभर दूध माझ्यासाठी वेगळं काढ, आणि ते तापवू नको," तेव्हा ती त्याच्याकडं बघतच राहिली.

"का रे? कुणाला अभिषेक घालायचाय?"

"प्रयोगाला पाहिजे."

"तापवलेलं चालत न्हाय तुझ्या प्रयोगाला? लई लाडका दिसतोय."

शिवयोगी सोलापुरातच एका मेडिकल कॉलेजात शिकवत होता आणि पुढचं शिकतही होता. डॉक्टर खरा, पण माणसं तपासणारा नव्हे, रक्त तपासणारा. त्याचे वडील चनबसप्पा नवी पेठेत लुगड्याधोतरांचे व्यापारी. "पोरगं डॉक्टर झालं खरं, पण नाडी माणसाची बघत न्हाय, बाटलीची बघतंय," असं ते गिऱ्हाइकाला सांगायचे. सांगताना असे खुलायचे की गिऱ्हाईक आलेलं काम विसरून डॉक्टरचीच चौकशी करत बसायचं.

आता हा प्रयोग काय होता ते गौरम्माला जेवढं समजलं तेवढं असं. हार्ट अॅटॅक येऊन गेला की रक्तात काही गोष्टी वाढतात, हे सगळ्याच डॉक्टरांना ठाऊक. पण त्या वाढतात तोवर हृदयाचा एक तुकडा मेलेला असतो. शिवयोगीला त्याच्या आधीची खूण पाहिजे होती. हृदयाला रक्त कमी पडायला लागलं की ते आपल्याच साठ्यातलं मोडून खातं, आणि त्याचा चुरा रक्तात उतरतो. त्या चुऱ्याचं नाव हायपोझँथिन. गौरम्मानं ते नाव एकदा म्हणून बघितलं आणि जिभेला उगाच त्रास नको म्हणून सोडून दिलं. तिच्यासाठी तो चुराच.

तो मोजायला जे द्रव्य लागतं ते परदेशातनं यायचं, आणि अर्ज करून करून शिवयोगीचे केस पिकायची वेळ आली होती. मग त्याच्या वाचनात आलं की तेच द्रव्य गाईच्या कच्च्या दुधावर तरंगणाऱ्या सायीत असतं. झालं! दुसऱ्या दिवसापासनं चरवी. ओलं फडकं गुंडाळून सायकलच्या हँडलला अडकवून तो ती कॉलेजात न्यायचा, तिथं साय घुसळायचा, गाळायचा, बर्फात ठेवायचा. घरातली ताक घुसळायची छोटी रवी एकदा नाहीशी झाली, ती कॉलेजात निघाली. गौरम्मा चार दिवस त्याच्यावर करवादली आणि मग नवी रवी घेऊन गप्प बसली.

सगळं असं सुरळीत चाललं होतं, तोवर संक्रांत जवळ आली.

संक्रांत म्हणजे सोलापुरात सिद्धरामेश्वराची यात्रा, आणि यात्रा म्हणजे नंदीध्वजाच्या काठ्या. काठी म्हणजे हातात धरून चालायची काठी नव्हे बरं. दुमजली घराच्या वर डोकं काढणारी, साज चढवलेली, भरभक्कम. तिचा बुंधा कमरेच्या पट्ट्यात रोवायचा, दोन्ही हातांनी तोल धरायचा आणि गर्दीतनं चालायचं. थकला की दुसऱ्यानं घ्यायची. चनबसप्पा मिसरूड फुटल्यापासनं काठी धरत आले होते. दुष्काळाच्या साली विहिरी आटल्या, पण त्यांची काठी चुकली नव्हती. यात्रेच्या आधी कितीतरी दिवस सराव सुरू व्हायचा, आणि घरातला हा साठीला टेकलेला गंभीर व्यापारी सरावाला निघताना शीळ घालायचा. गौरम्माला ती शीळ आवडायची. तोंडानं मात्र ती म्हणायची, "वय काय, आवाज काय काढताय!"

त्या वर्षी शीळ जरा कमी होती. दुकानाच्या माळ्यावर गठ्ठे काढायला चढलं की चनबसप्पांच्या छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं व्हायचं. थोडं थांबलं की जायचं. ते म्हणायचे गॅस आहे. शिवयोगीनं हट्टानं नेऊन त्यांच्या हृदयाची पट्टी, म्हणजे कार्डिओग्राम, काढली, तर ती सरळ निघाली, कुठं काही दोष नाही. सरळ निघाली म्हटल्यावर चनबसप्पांना काय, मोकळं रान!

"अप्पा, पट्टी सरळ आली म्हणून सगळं ठीक असं नसतं," शिवयोगी म्हणाला. "निवांत पडलेल्या माणसाची पट्टी सरळच येते कधीकधी. औंदा काठी नको."

"मग कशावरनं ठरवायचं?"

शिवयोगीनं जरा विचार केला. त्याच्या साहेबांनी त्याला बजावलं होतं की तुझी ही तपासणी अजून शाळेत जाते आहे, तिच्या भरवशावर कुणाला काही सांगायचं नाही. पण समोर बाप होता. तो म्हणाला, "परत दुखलं की लगेच मला रक्त काढू द्या. त्यात चुरा जास्त निघाला तर काठी सोडायची."

"आणि न्हाय निघाला तर?"

"तर उचला."

"ठरलं," चनबसप्पा म्हणाले. पेठेत त्यांच्या शब्दाला मान होता. ठरलं म्हणजे ठरलं.

एका शनिवारी संध्याकाळी माळ्यावरनं उतरताना त्यांना दुखलं. शिवयोगीनं घरीच रक्त काढलं, कॉलेजात जाऊन रक्तावर येणारं पिवळसर पाणी वेगळं केलं आणि बर्फात ठेवलं. दुसऱ्या दिवशी रविवार. प्रयोगशाळा रिकामी, साहेब घरी. सकाळी ताजं दूध नेऊन तपासायचं असं त्यानं ठरवलं.

आणि नेमकं त्या रविवारी सकाळी शिवयोगी लिंगपूजेला बसलेला असताना ओसरीवर काठीची माणसं आली. पहाटेचा सराव उरकून निंगप्पा, चन्नप्पा आणि आणखी सात-आठजण, घामानं भिजलेले, मोठमोठ्यानं हसत. त्यात चन्नप्पा म्हणजे अंगानं धिप्पाड, काठी एका हातानं तोलीन म्हणणारा. चनबसप्पांनी बाहेरनंच हाक मारली, "अगं, चहा टाक सगळ्यांना! काठीची माणसं हायत."

त्यांच्या ओसरीवरनं माणूस चहाशिवाय उठला, असं कधी झालं नव्हतं. पण बजाबाईची म्हैस त्या दिवशी अडून बसली होती, दूध निम्मंच आलं होतं. पातेल्यात बघितलं तर चार कपांचं. बाहेर दहा तोंडं. गौरम्मानं इकडं तिकडं बघितलं, आणि तिची नजर कोपऱ्यातल्या चरवीवर गेली.

तापवू नको, हे तिला आठवत नव्हतं असं नव्हे. पण तिनं विचार केला, त्याला गरम नको असणार. थंड दूध घेऊन जातोय, बर्फात ठेवतोय, म्हणजे गरम चालत नसणार. आपण तापवू, लागेल तेवढं चहाला घेऊ, राहिलेलं गार करून चरवीत घालू. दूध ते दूध. तिनं चरवी पातेल्यात रिकामी केली, चांगली उकळी आणली, चहा केला. उरलेल्या दुधाचं भांडं परातीत पाण्यात ठेवलं आणि साय धरू नये म्हणून ढवळत राहिली. चरवी परत भरली, ओलं फडकं गुंडाळलं. बाहेर माणसं चहाची तारीफ करत होती. शिवयोगी पूजेवरनं उठला तो घाईत. थंडीनं त्याचं नाक चोंदलेलं, त्यामुळं दुधाचा वासही त्याला आला नाही. चरवी अडकवून तो निघून गेला.

दुपारी तो परतला तो गल्लीच्या तोंडापासनं घंटी वाजवतच.

"अप्पा, काही नाही! शून्य!"

"शून्य म्हणजे?"

"म्हणजे चुरा नाहीच. उचला काठी."

चनबसप्पा उठले आणि त्यांनी पोराच्या पाठीवर असा धपका मारला की शिवयोगी खोकला. त्या दुपारी पेढे आले. संध्याकाळी सरावाला निघताना शीळ ऐकू आली, आणि गौरम्मानं मल्लिकार्जुनाला नारळ फोडला. तिच्या छातीवरचाही पाटा उतरला होता.

तो परत कधी चढला? मंगळवारी जेवताना. चनबसप्पा खुशीत होते. भाकरी मोडता मोडता त्यांनी पोराला विचारलं, "काय रे, त्या दुधात असं काय असतंय की तुला रोज चरवी लागते?"

शिवयोगीला एवढंच पाहिजे होतं. तो रंगात येऊन सांगायला लागला. दुधात एक पदार्थ असतो, तो रक्तातल्या चुऱ्याला बरोबर धरतो, धरला की यंत्रात आकडा चढतो. "पण दूध कच्चं पाहिजे. एकदा उकळलं की तो पदार्थ मेला. मग रक्तात ढीगभर चुरा असला तरी दिसायचा नाही. काटा जागचा हलायचाच नाही."

गौरम्मा तव्यावर भाकरी उलटत होती. तिचा हात तसाच राहिला. भाकरी करपली. गौरम्माची भाकरी करपली, ही त्या घरात मोठी बातमी होती. बापलेक तिला चिडवत राहिले. ती हसली, काय हसली ते तिचं तिला माहीत.

सांगून टाकायचं, असं तिनं लगेच ठरवलं. मग ताटं उचलली, भांडी घासली, आणि सांगितलं नाही. कसं सांगणार? नवरा किती दिवसांनी पोटभर जेवला होता. पोरगा किती दिवसांनी कौतुकानं बोलला होता. सांगितलं की पोराची नाचक्की, नवऱ्याची काठी गेली, आणि हे सगळं कशापायी, तर दहा कप चहापायी. शिवाय तिला वाटलं, कशावरनं रक्तात काही असेलच? कदाचित शून्यच असेल. दूध मेलेलं असलं म्हणून माणूस आजारी आहे असं थोडंच होतं? असा विचार करून तिला घटकाभर बरं वाटायचं. मग परत चरवी दिसायची आणि तो विचार टिकायचा नाही.

बुधवार गेला, गुरुवार गेला. ती रोज दूध काढून ठेवत होती, कच्चं, फडकं गुंडाळून, त्याला कुणाचा हात लागू देत नव्हती. बजाबाईनं एकदा विचारलंसुद्धा, "काय गौरम्माक्का, चरवीवर नागोबा बसवलाय का?"

शुक्रवारी संध्याकाळी ती दारात दिवा लावायला आली, तेव्हा सरावाहून परतणारी माणसं गल्लीत शिरत होती. चनबसप्पा मागे होते. चालता चालता ते थांबले, कमरेचा पट्टा आवळल्यासारखं केलं, आणि वाकून तसेच उभे राहिले. पुढची माणसं बोलत निघून गेली. पट्टा काही सैल नव्हता. तिला लांबून दिसत होतं. एक हात पट्ट्यावर होता आणि दुसरा छातीवर.

ते घरात आले ते शीळ घालतच.

तिनं दिव्याला हात जोडले आणि तडक शिवयोगीच्या खोलीत गेली.

"शिवा, त्या रविवारचं दूध तापवलेलं होतं."

"कुठल्या रविवारचं?"

"अप्पांच्या रक्ताच्या. माणसं आली चहाला. दूध कमी पडलं. मी तापवलं आणि गार करून भरलं."

तो ओरडेल, आदळआपट करेल, असं धरून ती आली होती. त्यासाठी पदरसुद्धा खोचून आली होती. पण तो नुसता खाटेवर बसला. मग म्हणाला, "शून्य कसं येईल, अव्वा?"

"म्हणजे?"

"शून्य कुणाचंच येत नाही. चांगल्या धडधाकट माणसाच्या रक्तातसुद्धा तो चुरा थोडा असतोच. मी पोरांना वर्गात शिकवतो हे. शून्य आलं की समजायचं, आपलं काहीतरी चुकलं." त्यानं दोन्ही हातांनी कपाळ धरलं. "आधी ओळखीचा नमुना, ज्यात चुरा आहेच असा, घालून बघायचा असतो, दुधातलं द्रव्य जागं आहे का म्हणून. त्या नमुन्याची पूड संपत आलीय, म्हणून म्हटलं आज राहू दे. आणि शून्य बघितलं, आणि सायकलला टांग मारली. मला शून्यच पाहिजे होतं गं. मी दुसरं काही बघितलंच नाही."

तिला वाटलं होतं, सांगितलं की ओझं उतरेल. कसलं उतरतंय! आता ते दोघांच्या डोक्यावर होतं, एवढंच. तिनं त्याच्या केसांतनं हात फिरवला. लहानपणी ताप आला की फिरवायची तसा.

रक्ताचं थोडं पाणी अजून बर्फात होतं. शनिवारी सकाळी बजाबाईनं धार काढलेलं दूध गौरम्मानं दारातच चरवीत घेतलं, घरात आणलंच नाही. शिवयोगीनं त्या दिवशी सगळी पूड खर्च केली. ओळखीचा नमुना आधी लावला, काटा जसा चढायला पाहिजे तसा चढला, आणि मगच वडिलांचं रक्त लावलं. दुपारी गौरम्मा दारात उभी होती. तो सायकलवर बसून आला नाही. हातात धरून, चालत आला. तिनं बाजूला होऊन वाट दिली.

"चांगल्या माणसाच्या कितीतरी पट आहे," तो उंबऱ्यात येऊन म्हणाला. "साहेबांना सगळं सांगितलं. खूप बोलले मला. म्हणाले, एका माणसाच्या एका रक्तावरनं काही सिद्ध होत नाही. पण काठी उचलू देऊ नको म्हणाले. सोमवारी तिथले हृदयाचे मोठे डॉक्टर अप्पांना तपासतील."

आता राहिले चनबसप्पा. आणि यात्रा तर तोंडावर आलेली.

ते आरशासमोर होते. यात्रेत घालायची पांढरीशुभ्र बाराबंदी परीटघडी होऊन आली होती, ती अंगाला लावून बघत होते. शिवयोगीनं सगळं सांगितलं, दुधाचं, शून्याचं, नव्या आकड्याचं. चनबसप्पांनी ऐकून घेतलं आणि हसले.

"म्हणजे रविवारी शून्य, आज ढीगभर. माझ्या दुकानात असा गज ठेवला असता तर पेठेनं मला बाहेर काढलं असतं. कापड एकदाच मोजायचं असतंय. मी पहिलं माप धरणार."

"अप्पा, पहिलं चुकीचं होतं!"

"आणि दुसरं बरोबर कशावरनं? ते उद्या चुकीचं निघंल. ठरलं होतं की न्हाय? न्हाय निघाला तर उचला, असं तूच बोललास."

शिवयोगी समजावत राहिला. नळ्या, शिरा, पुरवठा, सगळं सांगून झालं. चनबसप्पा बाराबंदीचे बंद बांधत राहिले. व्यापारी माणूस, एकदा घासाघीस सुरू झाली की त्यांना हरवणं कठीण. शेवटी गौरम्मा पुढं आली आणि तिनं त्यांच्या हातातला बंद काढून घेतला.

"मापाचं राहू द्या," ती म्हणाली. "मंगळवारपासनं मला ठाऊक होतं दूध मेलेलं हाय म्हणून. शुक्रवारपर्यंत गप्प बसले. तुमी शीळ घालत होता, मला ती मोडायची नव्हती. लई वाईट केलं मी. आता तुमी सांगा. सराव करताना दुखतंय का न्हाय?"

"न्हाय."

"पोराला सांगू नका. माज्याकडं बघून सांगा. काल गल्लीत पट्टा आवळत होता, तो सैल होता का?"

चनबसप्पांनी तिच्याकडं बघितलं. मग आरशाकडं. मग खाली. घाबरला किंवा हरला की हा माणूस कानडीत जायचा, पण आज तेही सुचलं नाही.

"येतंय," ते म्हणाले. "रोज येतंय. निंगप्पाला कळू नये म्हणून पट्ट्याचं निमित्त करतो."

शिवयोगी काही बोलायला गेला, गौरम्मानं त्याला हातानं थांबवलं.

"काठी सोडली की माणूस घरी बसला म्हणतात, गौरा," चनबसप्पा म्हणाले. किती वर्षांनी त्यांनी तिला नावानं हाक मारली होती, तीही पोरासमोर. "माझा बाप असाच एकदा घरी बसला. मग कुणी त्याला काही विचारायला येईना."

आणि गौरम्मा, जी इतके दिवस रडली नव्हती, ती रडली. चांगली हुंदके देऊन रडली, लाज सोडून.

"बसा की घरी! मला घरी बसलेला चालतोय. भिंतीवर टांगलेला नको."

चनबसप्पांनी बाराबंदी अंगावरनं काढली आणि घडी करायला लागले. त्यांना घडी जमत नव्हती. व्यापाऱ्याला कापडाची घडी जमत नव्हती. तिनं ती त्यांच्या हातातनं घेतली आणि नीट घडी घातली.

यात्रेच्या दिवशी नवराबायको दोघं मिरवणुकीच्या रस्त्याला जाऊन उभी राहिली. चनबसप्पांच्या खिशात मोठ्या डॉक्टरांनी दिलेली, जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची बाटली होती. "एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र" असा गजर उठला आणि काठ्या दिसायला लागल्या. चनबसप्पा धरायचे ती काठी निंगप्पाच्या कमरेला होती. गर्दीत कसा कोण जाणे, त्याला अप्पा दिसले. तो त्यांच्यासमोर येऊन क्षणभर थांबला. चनबसप्पांनी तांब्यातलं पाणी त्याच्या पायांवर घातलं, काठीला नुसता तळहात लावला आणि कपाळाला लावला. काठी पुढं गेली. ते बराच वेळ तळहाताकडं बघत होते. गौरम्मा म्हणाली, "चला," तेव्हा निघाले.

यात्रा सरली. पुढच्या रविवारी सकाळी ओसरीवर परत आवाज झाला. निंगप्पा, चन्नप्पा, सगळी मंडळी. अप्पांना विचारायला कुणी येणार नाही, हे काही खरं झालं नाही. काठी घेऊन कोण कसा चालला, कुणाचा तोल कुठं गेला, सगळं त्यांनाच सांगायचं होतं. चनबसप्पा मधोमध बसून चुका काढत होते. त्यांनी सवयीनं आत आवाज दिला, "अगं, चहा टाक सगळ्यांना!"

गौरम्मानं पातेल्यात बघितलं. दूध आज परत कमीच होतं, तीन-चार कपांचं. ती कोपऱ्याकडं वळलीसुद्धा नाही. दारात येऊन तिनं नवऱ्याला नुसती खूण केली. ते उठून आत आले, पातेलं बघितलं, मग फडकं गुंडाळलेली चरवी बघितली. बाहेर दहा माणसं. बापजाद्यांपासनंची ओसरी. ते घटकाभर उभे राहिले, आणि मग स्वतःच बाहेर गेले.

"आज दूध न्हाय," ते म्हणाले. "काळा चहा प्या."

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. या घरात काळा चहा! निंगप्पानं मान लांब करून आत बघितलं आणि हसत म्हणाला, "अप्पा, कंजूस झालात की काय! तितं चरवी भरून दूध दिसतंय की."

"ते घरचं न्हाय."

"मग कुणाचं?"

"ज्याच्या छातीत दुखतंय आणि जो सांगत न्हाय, त्याचं," चनबसप्पा म्हणाले, आणि खाली बसले. मग त्यांनी स्वतःचं सगळं सांगितलं, माळ्यावरचं, पट्टा आवळायचं, शून्याचं, काहीही न लपवता. कुणी हसलं नाही.

गौरम्मानं काळा चहा आणला. गूळ जरा जास्तच घातला होता. माणसांनी तोंड वाकडं न करता घेतला, फुंकर मारत प्यायले, आणि उठून चपला शोधायला लागले. चन्नप्पा मात्र बसून राहिला. काठी एका हातानं तोलीन म्हणणारा तो चन्नप्पा. सगळे पायऱ्या उतरून गेल्यावर त्यानं कप खाली ठेवला, आत बघितलं आणि हळू आवाजात विचारलं,

"वैनी, शिवा गेला का कॉलेजात? का हाय अजून घरात?"

"हाय की," गौरम्मा म्हणाली, आणि चरवी उचलून पोराला हाक मारायला आत गेली.